जीपची पुढची काच हलकी करायची? आधी वजनकाटा शोधा

आमच्या पाहुण्यांच्या गुऱ्हाळात गुळाचे रवे तोलायचा काटा आहे. मागच्या हंगामात एका दुपारी मी त्या काट्यावर गुळाऐवजी माझ्या जीपची पुढची फ्रेम ठेवली. अख्खी, काचेसकट, वायपरसकट. काटा साडेबावीस किलोवर थांबला. रस उकळायच्या काहिलीजवळचा गुळव्या हात पुसत बघायला आला.

"कशाला वजन करालाय हो?"

"हलकी काच बसवायची आहे."

"किती हलकी हुईल?"

"चार-साडेचार किलो."

तो जीपच्या मागं गेला, आत डोकावला. जॅक, टोचन, चिखलानं माखलेली साखळी, पाण्याचे दोन कॅन, कधीपासून पडलेला एक गिअर. "मग हे आधी खाली काढा की," म्हणाला आणि परत काहिलीकडं गेला.

त्याचं बरोबर होतं. तरीही मी काच बदलली, आणि तिची कारणं वेगळी आहेत. ती आधी सांगतो, कारण नवख्या माणसाला हलकी काच म्हटलं की गाडी पळेल, ॲव्हरेज वाढेल असं वाटतं. तसलं काही होत नाही. फायदा होतो तो तीन ठिकाणी. पुढची काच गाडीत सगळ्यात उंचावरच्या वजनांपैकी एक आहे, आणि आडव्या उतारावर गाडी कलते तेव्हा उंचावरचा एक किलो हा बुडाच्या एका किलोपेक्षा जास्त त्रास देतो. दुसरं, जुन्या जीपची किंवा सॉफ्ट टॉप जिप्सीची फ्रेम बॉनेटवर आडवी पाडता येते. ती पाडायला-उचलायला जड असली की बिजागऱ्या ढिल्या होतात आणि फ्रेम कडकड वाजायला लागते. तिसरं म्हणजे एकट्यानं फ्रेम काढता येते. माझ्यासाठी हेच मोठं. दर वेळी शेजाऱ्याला हाक मारणं बरं दिसत नाही.

गाडी डांबरावर जाणार का?

बाकी सगळं या एका उत्तरावर ठरतं, म्हणून दुकानात जायच्या आधी याचा निकाल लावा.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातला नियम १०० पुढच्या काचेबद्दल आहे. रस्त्यावर चालणाऱ्या मोटारीची पुढची काच लॅमिनेटेड (दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा थर असलेल्या) सेफ्टी ग्लासचीच हवी, आणि तिच्यातून किमान ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. काचेवर काळी फिल्म चिकटवणं सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली बंद केलं, ते याच नियमाच्या आधारे. म्हणजे एमएच ०९ ची पाटी लावून कोल्हापुरातल्या ताराराणी चौकातून जाणाऱ्या गाडीला पुढं प्लॅस्टिकचं शीट चालत नाही, ते कितीही भारी कंपनीचं असो. पोलिसानं धरलं नाही तर नोंदणी नूतनीकरणाला आरटीओत नेल्यावर निरीक्षक धरेल, आणि अपघात झालाच तर विमा कंपनीच्या हातात आपणच कारण दिलेलं असेल.

काहीजण म्हणतात, "मी फक्त पाणंदीतनं चालवतो." पाणंद आपल्या रानातनं गेली म्हणून आपली होत नाही. लोकांच्या वहिवाटीची वाट असेल तर तीही सार्वजनिक जागाच.

तेव्हा हिशेब सोपा. गाडी रस्त्यावर येत असेल तर हलकी काच म्हणजे पातळ लॅमिनेटेड काच. गाडी खासगी रानात, फार्मवर, किंवा आखलेल्या ट्रॅकवरच चालत असेल आणि तिथं ट्रेलरवरनं जात असेल तर पॉलीकार्बोनेट या न तडकणाऱ्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या शीटचा विचार करा. दोन्ही हवं असेल तर दोन फ्रेमी ठेवा. मी शेवटी तेच केलं, आणि कुणी विचारलं तर तेच सांगतो.

आत्ता बसलेली काच कोणती, ते ओळखा

जुन्या गाडीत मागच्या मालकानं काय बसवलंय याचा भरवसा नाही. माझी जीप एमएम ५४०, १९९४ सालची. मी घेतली तेव्हा तिला चक्क घराच्या खिडकीची साधी काच होती. सहा मिलिमीटर, कडा पाण्यानं घासलेल्या, दिसायला छान. दगड बसला असता तर सुऱ्यासारखे तुकडे थेट तोंडावर आले असते.

कोपऱ्यातला शिक्का पहिल्यांदा बघा. वाहनाच्या सेफ्टी ग्लासवर आयएस २५५३ हा मानक क्रमांक असतो. शिक्का नसेल किंवा पुसला असेल तर रबर एका ठिकाणी उचलून काचेची कड बघा. लॅमिनेटेड काचेच्या कडेला मधोमध एक बारीक रेघ दिसते, सँडविचमधल्या चीजसारखी. ती पीव्हीबी या प्लॅस्टिकची पापुद्र्याएवढी थर असते. दोन काचा तिनं धरून ठेवलेल्या असतात, म्हणून फुटली तरी काच जागेवर राहते. टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेल्या, काचेला ही रेघ नसते. ती ओळखायची युक्ती म्हणजे पोलराइज्ड गॉगल घालून उन्हात तिरकं बघायचं, तिच्यात गडद ठिपके किंवा पट्टे उठून दिसतात. टफन्ड फुटली की हरभऱ्याएवढे दाणे होतात. जखमा मोठ्या होत नाहीत, पण फुटताक्षणी आख्खी काच पांढरी पडते आणि समोरचं काही दिसत नाही. पुढच्या काचेला ती नको, त्याचं कारण हेच.

शिक्का नाही, रेघ नाही, ठिपके नाहीत, तर ती साधी काच समजा आणि हलक्या-जडाचा विचार सोडून आधी ती बदला.

वजनाचं गणित, कागदावर

काटा मिळाला नाही तरी चालतं. काचेची घनता पाण्याच्या अडीचपट, पॉलीकार्बोनेटची १.२ पट. लांबी आणि उंची मीटरमध्ये गुणा, मिलिमीटरमधल्या जाडीनं गुणा, मग काचेसाठी २.५ नं आणि पॉलीकार्बोनेटसाठी १.२ नं गुणा. उत्तर किलोत येतं.

माझी काच १३० सेंटीमीटर लांब आणि ४५ उंच, म्हणजे ०.५८५ चौरस मीटर. ६ मिलिमीटर साधी काच पावणेनऊ किलोच्या आसपास. दोन २.१ मिलिमीटरच्या काचा आणि मध्ये पाऊण मिलिमीटरची पीव्हीबी, अशी ५ मिलिमीटरची लॅमिनेटेड साडेसहा किलो. ६ मिलिमीटर पॉलीकार्बोनेट सव्वाचार किलो. साडेचार मिलिमीटरचं शीट तीन किलोच्या थोडं वर.

साडेबावीस किलोतली काच फक्त पावणेनऊ. उरलेलं सगळं लोखंड. तेव्हा काच बदलून जेवढं वजन घटतं, तेवढंच गंजलेली, तीनदा पत्रा मारून वेल्डिंग केलेली फ्रेम बदलूनही घटू शकतं. माझ्या फ्रेमच्या खालच्या पट्टीत तर मागच्या मालकानं अँगलचा तुकडा आत घालून वेल्ड केला होता. तो काढून नीट पट्टी घातल्यावर सव्वा किलो गेला, खर्च एक चहा आणि अर्धा तास.

कशाची घ्यायची

रस्त्यावरच्या जीपसाठी सपाट लॅमिनेटेड काच मापानं कापून मिळते, आणि जुन्या जीपवाल्यांचं हे मोठं नशीब. काच सपाट आहे म्हणून साचा, भट्टी काही लागत नाही. टफन्ड काच एकदा टफन झाली की कापता येत नाही, लॅमिनेटेड कापता येते. एकदा तरी कापताना जरूर बघा. कारागीर वरून हिऱ्याची रेघ ओढतो, काच उलटी करून बरोबर त्याच ओळीवर खालून ओढतो, हलकेच ठोकून दोन्ही काचा तडकवतो. मधली पीव्हीबी मात्र सुटत नाही, चिकट ताणत राहते. मग तो त्या फटीत स्पिरिटची बारीक धार सोडतो आणि काडी लावतो. निळी ज्योत कडेनं सर्रकन पळत जाते, पीव्हीबी मऊ होते, आणि तो ज्योत विझता विझता काच किंचित ओढून फटीत ब्लेड फिरवतो. सगळा खेळ दहा-पंधरा सेकंदांचा. ब्लेड हळू फिरलं तर कड करपते आणि पुढं पावसाळ्यात तिथूनच पाणी शिरून पांढरा डाग वाढत जातो. म्हणून काच घेताना चारी कडा बोट फिरवून, उजेडाकडं धरून बघा. करपलेली, फुगलेली कड असेल तर घेऊ नका. मूळ मोठ्या काचेवरचा शिक्का आपल्या तुकड्यात येईल असं कापायला सांगा, हे सांगितल्याशिवाय कुणी करत नाही.

ट्रॅकच्या गाडीसाठी पॉलीकार्बोनेट. इथं फसवणूक फार, म्हणून जरा थांबतो.

बाजारात 'अनब्रेकेबल' या एका शब्दाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक ॲक्रिलिक: स्वच्छ, चकचकीत, स्वस्त, हलकं, आणि धक्क्याला तडकणारं. पुढच्या काचेला ते अजिबात नको. दुसरं शेडवर टाकायचं पॉलीकार्बोनेट. त्यातलं पोकळ, खाचांचं शीट तर लांबूनच कळतं, पण सपाट भरीव शीटही छपरासाठीच बनवलेलं असतं. आरपार बघितलं तर सरळ रेघ लाटेसारखी दिसते आणि वायपर चार वेळा फिरला की धूसर होतं. तिसरं आपल्याला हवं ते: भरीव, दोन्ही बाजूंनी हार्ड कोटिंग केलेलं, अतिनील किरणांपासून संरक्षण असलेलं. लेक्सान, मॅक्रोलॉन ही नावं दुकानदार सर्रास कुठल्याही शीटला लावतो, तेव्हा नावावर न जाता शीटवरच्या फिल्मवर काय छापलंय ते वाचा. हार्ड कोटेड लिहिलेलं हवं. फिल्मवर उन्हाकडं करायची बाजू छापलेली असेल तर त्या बाजूला मार्करनं फुली मारून ठेवा. फिल्म काढल्यावर दोन्ही बाजू सारख्याच दिसतात आणि उलटी बसवली की शीट पिवळं पडतं.

मी पहिल्यांदा घेतलं ते ॲक्रिलिक निघालं. दुकानदारानं हातोडीनं ठोकूनही दाखवलं होतं. बसवल्यावर तिसऱ्याच फेरीत, नुसत्या दगडी चढावर फ्रेम पिळवटली आणि बोल्टच्या भोकापासून एक चीर टक्कन वर गेली. दगड नाही, धक्का नाही.

आता मी दोन बोटं रुंदीची कापटी मागून घेतो. उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वस्तीत, कुणाच्याही व्हाइसमध्ये (शिकंज्यात) ती धरायची आणि पान्यानं वाकवायची. पॉलीकार्बोनेट काटकोनात वाकतं, वाकल्या जागी जरा पांढरट होतं, पण तुटत नाही. ॲक्रिलिक थोडं वाकतं आणि कडकन तुटतं. (डोळ्यावर चष्मा हवा, तुकडा लांब उडतो.) चिमट्यात धरून पेटवलं तरी कळतं: ॲक्रिलिक निवांत जळत राहतं, पॉलीकार्बोनेट काळा धूर काढतं आणि काडी बाजूला केली की विझतं.

जाडी ६ मिलिमीटर घ्या. पॉलीकार्बोनेट काचेपेक्षा सुमारे तीसपट लवचीक आहे, ३ मिलिमीटरचं शीट वाऱ्यानं पत्र्यासारखं फडफडतं. छोटी काच असेल आणि मध्ये उभी पट्टी असेल तर साडेचार चालेल.

शीट चार बाय आठ फुटांचं येतं. १३० सेंटीमीटरची काच असेल तर त्यातून दोनच निघतात, कारण आडवी बसत नाही. तेव्हा कुणीतरी भागीदार शोधा. उरलेल्या तुकड्यांत चाचणीच्या कापट्या आणि दरवाजाच्या खिडक्या होतात.

पारदर्शकता बघायची ती गाडीत बसल्यासारखी

काच किंवा शीट दुकानात उभं धरून बघू नका. ड्रायव्हरसमोर जितकं तिरकं असतं तितकं तिरकं धरा, समोर खिडकीचे गज किंवा फरशीच्या रेघा येऊ द्या, आणि डोकं हळूहळू डावी-उजवीकडं हलवा. गज वाकताना दिसले तर तो तुकडा सोडा. हे दहा सेकंदांचं काम न केल्यानं नंतर दोन तास गाडी चालवली की डोकं धरतं आणि माणूस चष्म्याचा नंबर तपासून येतो. संध्याकाळी एकदा समोरच्या गाडीचा हेडलाइट त्यातून बघा. कोल्हापुराहून गगनबावड्याकडं सायंकाळी निघालेल्याला माहीत आहे, सूर्य बरोबर समोर असतो, आणि बारीक ओरखड्यांची काच त्या उजेडात दुधासारखी होते.

साचा: पॅटर्नवाल्याकडं जा

कोल्हापुरात राहण्याचा इथं खरा फायदा. इतक्या फाउंड्र्या आहेत म्हणून ओतकामाचे लाकडी नमुने, म्हणजे पॅटर्न, करणारे मिस्त्रीही आहेत, आणि मापाच्या बाबतीत त्यांच्यासारखा खत्रूड माणूस नाही.

जुनी काच मापाला नेऊ नका. ती मागच्या कुणीतरी कशीबशी कापलेली असते, फ्रेमही वर्षानुवर्षं पिळवटलेली असते. फ्रेम सोडवून नेली, मिस्त्रींनी कर्ण मोजले. एक कर्ण दुसऱ्यापेक्षा ७ मिलिमीटर जास्त. "ही फ्रेम चौकोनी न्हाई, पतंग हाय," म्हणाले. आधी फ्रेम सरळ करून आणली, मग त्यांनी तीन मिलिमीटरच्या प्लायचा साचा काढला.

त्यांना मी सांगायला गेलो की पॉलीकार्बोनेट उन्हात वाढतं, जागा सोडावी लागेल. ते हसले. ओतीव लोखंड थंड होताना मीटरला साधारण दहा मिलिमीटर आकसतं, म्हणून त्यांची मोजपट्टीच मुळात वाढवलेली असते. प्रसरण-आकुंचन हा त्यांचा रोजचा धंदा. "तुझं प्लॅस्टिक किती वाढतं तेवढं सांग."

तो आकडा असा. मीटरभर पॉलीकार्बोनेट दर अंश सेल्सिअसला जवळपास ०.०७ मिलिमीटर वाढतं. थंडीतल्या पहाटे १५ अंश आणि एप्रिलच्या उन्हात उभ्या गाडीवर ५५, म्हणजे ४० अंशांचा फरक धरला तर १३० सेंटीमीटरचं शीट साडेतीन मिलिमीटर वाढणार. तेवढ्यात काच अर्धा मिलिमीटरच वाढते. काचेच्या मापाचं शीट घट्ट बसवलं की ते उन्हात फुगून मध्ये कमानीसारखं उठतं, नाहीतर भोकापाशी चिरतं. म्हणून शीट फ्रेमच्या आतल्या मापापेक्षा दोन्ही टोकांना ३-३ मिलिमीटर कमी, आणि वरखाली २-२. साच्यावर पेन्सिलनं 'काच' आणि 'शीट' अशा दोन रेघा मारून घ्या, दोन्ही फ्रेमींना एकच साचा पुरतो.

कापणं आणि भोकं

शीटवरची फिल्म शेवटपर्यंत काढू नका. बारीक दात्याचं ब्लेड लावून जिगसॉनं कापता येतं, सुताराचा राउटर मिळाला तर उत्तम. खाली प्लाय, वर पट्टी, शीट थरथरता कामा नये. वेग जास्त झाला की कड वितळून ब्लेडला चिकटते. कोपरे गोल ठेवा, निदान रुपयाच्या नाण्याएवढे. टोकदार आतला कोपरा म्हणजे चिरेला आमंत्रण. मग २२० आणि ४०० च्या पेपरनं कड घासा, करवतीच्या दातांची एकही खूण राहू देऊ नका.

भोकं ६ मिलिमीटरच्या बोल्टसाठी १० ची. कडेपासून भोकाचा मध्य किमान २० मिलिमीटर आत. वरच्या आणि खालच्या पट्टीत फक्त मधलं एकेक भोक नेमकं, बाकीची मोठी, म्हणजे शीट मधून धरलेलं राहतं आणि दोन्हीकडं मोकळं सरकतं. ड्रिल मारताना कटिंग ऑइल लावायची सवय असते आपल्याकडं, ती इथं सोडा. कटिंग ऑइलनं पॉलीकार्बोनेटला बारीक केसांसारख्या चिरा पडू शकतात. हळू मारायचं, मध्ये मध्ये थांबायचं, बस्स.

वाकवायच्या भानगडीत नवख्यानं पडू नये. गाडीची मूळ काच वक्र असेल, नव्या थारसारखी चिकटवलेली असेल, तर हा सगळा उद्योगच तुमच्यासाठी नाही. हार्ड कोटेड शीट तापवून वाकवलं की कोटिंग तडकतं.

बसवणं

लॅमिनेटेड काच जुन्या पद्धतीनंच: एच रबर (दोन्ही बाजूंना खाच असलेलं) काचेभोवती चढवा, बाहेरच्या खाचेत सगळीकडून सुतळी फिरवा, टोकं आत लोंबती ठेवा, साबणाचं पाणी लावा, एकानं बाहेरून तळहातानं दाबायचं आणि दुसऱ्यानं आतून सुतळी ओढत जायचं. रबराची ओठ फ्रेमवर आपोआप चढते. रबर नवंच घ्या. जुनं कडक झालेलं रबर वाचवायच्या नादात नवी काच कोपऱ्यात तडकवलेले दोघंजण माझ्या ओळखीचे आहेत, त्यातला एक मी.

पॉलीकार्बोनेटला नुसतं रबर पुरत नाही. ते वाकतं, आणि फांदी अंगावर आली की रबरातून निसटून मांडीवर येऊन पडतं. त्याला आतून-बाहेरून अॅल्युमिनियमची पट्टी आणि मध्ये रबराची चकती किंवा पट्टा हवा. बोल्ट हातानं घट्ट झाल्यावर पान्यानं पाव-अर्धा फेरा, त्याहून जास्त नाही. रबर दबून बाहेर फुगलं म्हणजे जास्त झालं.

बोल्ट ढिले होऊ नयेत म्हणून आपण थ्रेड लॉकरचा थेंब टाकतो. पॉलीकार्बोनेटजवळ तो टाकू नका. तो भोकात उतरला की एक-दोन दिवसांत भोकाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा उठतात. आत नायलॉनचं कडं असलेले नायलॉक नट वापरा. सिलिकॉनही बघून घ्या: लावताना आंबूस, व्हिनेगरसारखा वास येतो तो नको, न्यूट्रल क्युअर लिहिलेला आणा.

वायपरचा दाब काचेसाठी ठरवलेला असतो. शीटला आर्म किंचित सैल करा आणि ब्लेडचं रबर नवं घाला.

शेतातल्या बग्गीवाल्यांसाठी दोन ओळी

पाइपच्या सांगाड्याच्या बग्गीला क्लॅम्पनं बसणारी तयार पॉलीकार्बोनेटची काच मिळते. ती मागवण्याआधी पाइपचा बाहेरचा व्यास कॅलिपरनं मोजा. पूर्ण उंचीची काच लावून मागची बाजू उघडी ठेवली तर धूळ मागून आत ओढली जाते आणि ड्रायव्हरच्या मानेवर तांबडी माती बसते. तिथं अर्धी काच किंवा खाली झरोका असलेली बरी, आणि डोळ्याला गॉगल.

धुणं

हार्ड कोटिंग असलं तरी ते काच नव्हे. जांभ्याची तांबडी धूळ, उसाच्या हंगामात कारखान्याची काजळी, ट्रॉलीतून उडणारं पाचट, हे सगळं काचेवर बसतं आणि माणूस सवयीनं शर्टाच्या बाहीनं पुसतो. तिथंच ओरखडे पडतात. आधी पाणी ओता, भरपूर, धूळ आपोआप वाहून जाऊ द्या, मग साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या मऊ कापडानं हलक्या हातानं. पेट्रोल, थिनर, ॲसिटोन, अमोनिया असलेला काच पुसायचा स्प्रे यातलं काहीही शीटला लावू नका. डांबराचे थेंब उडाले असतील तर रॉकेलाची चिंधी हातात घ्यायचा मोह होतो. थोडं खोबरेल लावून दहा मिनिटं ठेवा, मग साबणानं धुवा. गाडी सर्व्हिसिंगला दिली तर पोऱ्याला समोर उभं राहून सांगा. मी चिठ्ठी चिकटवली होती, त्यानं ती स्प्रे मारून काढली.

पहिल्या फेरीनंतर सगळे बोल्ट एकदा हातानं चाचपून बघा आणि भोकांच्या कडा उजेडात तिरक्या धरून तपासा. चीर भोकापासूनच सुरू होते आणि सुरुवातीला केसाएवढी असते. दिसली की ते शीट उतरवा. तिच्या टोकाला भोक मारून ती थांबवायचा पत्र्यावरचा जुगाड पुढच्या काचेवर करायचा नसतो.

माझ्या दोन फ्रेमींपैकी लॅमिनेटेडची कायम गाडीवर असते. ट्रॅकचा दिवस असला की शीटची फ्रेम जुन्या वाकळेत गुंडाळून मागं टाकतो आणि मैदानावर पोचल्यावर बदलतो. बिजागऱ्यांचे दोन बोल्ट, वायपरची वायर, वीस मिनिटं. गुळव्याला हे सांगितलं तेव्हा त्यानं विचारलं, म्हणजे जाताना गाडीत दोन्ही फ्रेमी? मी हो म्हणालो. तो काही बोलला नाही, मागचा गिअर मात्र त्यानं स्वतःच उचलून गोठ्याच्या भिंतीला लावून ठेवला.